फर्नची पानं करपताहेत, पाठीला तपकिरी ठिपके

शहापूरची सून:
बेळगावात जुन्या कौलारू घरात राहतो. सोप्यात दोन कुंड्या आहेत. एक नर्सरीतनं बॉस्टन फर्न म्हणून घेतलेला, दुसरा माहेरच्या विहिरीच्या कठड्यावरचा हंसराज. पावसाळाभर दोन्ही झकास होते. संक्रांत झाली नि बॉस्टनची टोकं करपायला लागली, हंसराज तर पार वाळला. पाणी रोज घालते. आता बॉस्टनच्या पानांच्या पाठीला तपकिरी ठिपके दिसलेत. सासूबाई म्हणतात टाकून दे, शेजारचे काका म्हणतात औषध मार. काय करू?

अनगोळचे आजोबा:
सूनबाई, औषध आधी ठेवून दे. फर्नचं पान नाजूक, औषधानंच करपेल. पान उलटं करून बघ. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीनं, सारख्या अंतरावर ठिपके असले तर ते बीजाणू. नेच्याला, म्हणजे फर्नला, ना फूल ना बी, वंश त्यातनंच चालतो. ठिपके कसेही विखुरलेत, नखानं खवल्यासारखे सुटतात, पान चिकट लागतंय, तर खवलेकीड. ओल्या फडक्यानं पुसायचं, फार भरलेलं पान बुडातनं कापायचं.

टोकं करपतात ती हवेनं. थंडी सरताना आपल्याकडं पूर्वेचा वारा किती कोरडा असतो, ओठ फुटतात की नाही? वरनं सोप्यात पंखा चालू असणार! कुंडी ओली असली तरी पान सुकतं, म्हणून माणूस आणखी पाणी ओततो, आणि मुळं कुजतात. बोट घालून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी. बोअरचं असेल तर बंद कर, क्षारानंही टोकं जळतात. न्हाणीघराला खिडकी असली तर कुंडी तिथं ने. उजेड हवा, ऊन नको.

टिळकवाडी गच्ची:
मी सकाळ-संध्याकाळ स्प्रे मारते, चांगला फरक पडतो.

अनगोळचे आजोबा:
पाच मिनिटांत वाळतं ते. हाताला व्यायाम म्हणून ठीक.

जांबोटीचा:
वहिनी, हंसराज टाकू नका. तो मेलेला नाही. आमच्याकडं दरडींवर पावसात हिरवागार, दिवाळीनंतर पिवळा, उन्हाळ्यात दिसतसुद्धा नाही. जमिनीतला गड्डा जिवंत असतो. वाळकी पानं कापा, कुंडी सावलीत ठेवा, माती खडखडीत होण्याआधी थोडं पाणी शिंपडा. पाऊस लागला की काळ्या देठांची नवी पालवी येईल. बारमाही हिरवा पाहिजे तर घरात हंसराज लावूच नये असं माझं मत.

आणि बाकीच्यांना एक सांगतो, चोर्ल्याला फिरायला जाऊन नेचे उपटून आणू नका. त्या बाजूचं भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे, तिथनं पानही आणायचं नसतं. शिवाय दगडावरचा नेचा कुंडीत क्वचितच जगतो.

शहापूरची सून:
आजोबा, ठिपके ओळीतच आहेत. पंखाही बरोब्बर वरच आहे. माती उकरली तर मुळांना गोट्यांएवढे केसाळ गड्डे लागले, ते काय?

अनगोळचे आजोबा:
पानं ताठ उभी आहेत का? मग तो बॉस्टन नव्हेच, त्याचा भाऊबंद, कॉर्डिफोलिया. बॉस्टनला गड्डे नसतात. गड्ड्यांत पाणी साठवतो म्हणून रोजच्या पाण्याची त्याला गरजच नाही. किती घेतले नर्सरीवाल्यानं?

शहापूरची सून:
बॉस्टनचेच घेतले.

अनगोळचे आजोबा:
असू दे, जास्त चिवट झाड मिळालं. फक्त परसात लावू नको, जमिनीवर धावणारे कोंब फुटून सगळा वाफा खाईल.