प्रेमा किरण : तुमच्या आठवणीतली अंबाक्का, आवडी

१ मे २०२२ ला अभिनेत्री प्रेमा किरण गेल्याची बातमी वाचली आणि आईला सांगितली. ती म्हणाली, "कोण गं?" मी म्हटलं, "अगं, आपली अंबाक्का!" मेथी निवडता निवडता तिचे हात थांबले. "अगंबाई," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली.

तेव्हापासून मनात आहे. 'धूमधडाका'तली (१९८५) अंबाक्का आणि 'दे दणादण'मधली (१९८७) आवडी आपण किती वेळा पाहिली याची गणतीच नाही. महेश कोठारे, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर भरभरून बोलतो, पण या बाईंचं नावही पटकन आठवत नाही. त्या तुम्हाला कुठे भेटल्या, कशामुळे लक्षात राहिल्या ते लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

—

आमच्या गल्लीत गणपतीत रस्त्यावरच पडदा लागायचा. पुढची जागा मोठ्यांची, त्यामुळे आम्ही पोरं मागच्या बाजूला. सगळं उलटं दिसायचं. 'धूमधडाका'तल्या 'प्रियतमा' गाण्याला पडद्याच्या दोन्ही बाजूंनी शिट्ट्या. लक्ष्यासमोर भले भले झाकोळून जायचे. ही बाई मात्र तसूभर मागे हटत नव्हती. तो एक बोलला की हिचं उत्तर तयार.

—

मी 'प्यार किये जा' (१९६६) खूप नंतर पाहिला. 'धूमधडाका' त्यावरूनच बेतलेला. हिंदीत ती भूमिका मुमताजची आहे आणि ती गोडच आहे. पण मला सारखी अंबाक्काच आठवत राहिली. सिनेमा काढायच्या वेडाने झपाटलेला लक्ष्या आणि त्याची ही हिरॉइन! प्रेमाबाईंनी तिला इतकं आपल्या मातीतलं केलं, की मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हा प्रश्नच माझ्यासाठी मिटला.

—

सातवीत गॅदरिंगला 'दे दणादण'मधलं 'पोलिसवाल्या सायकलवाल्या' हे गाणं बसवलं होतं. आवडी मी. मावशीची साडी, कमरेला सहा-सात पिना, आणि मान वर करायची सोय नाही इतकी मी लाजत होते. बाईंनी तालीम थांबवली. म्हणाल्या, "सिनेमातली ती लाजते का? तिला तो आवडलाय आणि ती त्याला थांबवतेय. तसं म्हण." मग मी कमरेवर हात ठेवून असं काही म्हटलं की हवालदार झालेला मुलगा खरंच दचकला. त्याच्या सायकलला ब्रेक नव्हते, तो चपला घासत थांबायचा. कार्यक्रमाच्या दिवशी चप्पल निसटली आणि तो थेट विंगेत गेला. मी गाणं सोडलं नाही. आज बँकेत काउंटरवर बसते, दिवसभर लोकांशी बोलते. तो हात कमरेवर ठेवण्याचा क्षण मला अजून पुरतो.

—

'उतावळा नवरा'च्या त्या निर्मात्या होत्या, हेही लिहून ठेवावंसं वाटलं. त्या काळी अभिनेत्रीने स्वतः निर्मितीत उतरणं ही धाडसाची गोष्ट होती.

—

मला थोडं वेगळं म्हणायचंय. त्यांच्या वाट्याला सारखं तेच आलं याचं वाईट वाटतं. मोठ्या आवाजाची, हिरोच्या मागे लागणारी गावरान पोरगी. त्या डोळ्यांत बरंच काही होतं, ते कोणी नीट वापरलंच नाही.

—

वरचं पटतं. तरीही त्या मोठ्या आवाजाबद्दल लिहिते. "मुलीच्या जातीने हळू बोलावं" हे ऐकतच मी वाढले. आजीचा तर नियमच होता. आणि हीच आजी टीव्हीवर अंबाक्का आली की आवाज वाढवायला लावायची. "काय ठसक्यात बोलते बघ!" म्हणायची. मी तिला एकदा विचारलं, मग मी का नाही बोलायचं? तिने उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर मला कधी टोकलंही नाही.

—

धागा काढणारीच पुन्हा लिहितेय. हे सगळं काल रात्री आईला वाचून दाखवलं. मग आम्ही दोघींनी 'दे दणादण' लावला. आवडी पडद्यावर आल्याबरोबर आई म्हणाली, "प्रेमा किरण." पूर्ण नाव घेतलं.