पहिला वाढदिवस आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी करावा का? (ठाणे)

तलावपाळी_ठाणे
मुलीचा जन्म ६ मार्च २०२६ चा. पहिला वाढदिवस आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी करावा असं घरच्यांचं म्हणणं आहे, म्हणजे वसईची आणि नेरूळची मंडळी एकदाच येतील. आमच्याकडे रविवार कधीच मोकळा नसतो. नवरा कॉयरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात), मी मिस्सेनंतर (रविवारच्या उपासनेनंतर) मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते, सासूबाईंची महिला मंडळाची कामं असतात. दीर फादर आहेत, संस्कार त्यांच्या हातून व्हावा ही सगळ्यांची इच्छा. जाऊबाईंना धर्ममाता (गॉडमदर) व्हायचंय, पण आम्ही कॅथलिक आणि त्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट). पाहुणे साधारण ७०. तारीख, कागदपत्रं, जेवण, जे माहीत असेल ते सांगा.

जुनी_घंटा
ताई, आधी कॅलेंडर बघा. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला. म्हणजे ६ मार्च बरोबर उपवासकाळाच्या, म्हणजे लेंटच्या, मध्यावर येतो. लेंटमध्ये बाप्तिस्म्याला चर्चच्या कायद्याने बंदी नाही, पण अनेक पॅरिश (स्थानिक चर्च) तेव्हा देत नाहीत. त्या दिवसांत अल्लेलुया नाही, वेदीवर फुलं नाहीत, आणि कॉयरवाल्यांना पवित्र आठवड्याच्या तालमींतून डोकं वर काढायलाही वेळ नसतो. मग घाईघाईत काहीतरी होतं.

मला विचाराल तर दोन्ही वेगळे ठेवा. कॅनन ८६७ (चर्चच्या कायद्याचं कलम) प्रमाणे बाळाचा बाप्तिस्मा जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवा. वाढदिवसाच्या हॉलसाठी संस्कार वर्षभर थांबवू नये असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या त्यात चांगली तारीख म्हणजे १० जानेवारी २०२७, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण, रविवारच आहे. नाताळची गाणी संपलेली असतात, लेंटला महिना असतो, हवाही बरी असते. त्याआधी जमत असेल तर उत्तमच, फक्त २९ नोव्हेंबरच्या आत, कारण त्या दिवशी आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे आठवडे) सुरू होतो. ८ नोव्हेंबरला दिवाळी आहे, त्या आठवड्यात केटरर आणि हॉल दोन्ही मिळणं कठीण.

दिरांनी संस्कार द्यायला काहीच हरकत नाही, पण आपल्या पॅरिश प्रीस्टची परवानगी आधी घ्या. पाहुण्या फादरांचं नाव ऐनवेळी सांगितलं की ऑफिसची धावपळ होते.

नोंदवही
जाऊबाईंबद्दल. कॅनन ८७४ नुसार धर्मपालक (धर्मपिता किंवा धर्ममाता) कॅथलिक असावा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा कन्फर्मेशनचा संस्कार) झालेला असावा, साधारणपणे १६ वर्षं पूर्ण झालेली असावीत, आणि बाळाचे आईवडील स्वतः धर्मपालक होऊ शकत नाहीत. सीएनआयचा बाप्तिस्मा झालेली व्यक्ती धर्ममाता म्हणून नाही, पण कॅथलिक धर्मपालकाच्या सोबत साक्षीदार म्हणून उभी राहू शकते आणि नोंदवहीत तसं लिहिता येतं. दोघं हवेतच असं नाही, एक कॅथलिक धर्मपिता आणि साक्षीदार जाऊबाई एवढं पुरतं. हे त्यांना आत्ताच प्रेमाने सांगा. संस्काराच्या आदल्या आठवड्यात कळलं तर मन दुखावतं.

कागदपत्रांत बाळाचा महापालिकेचा जन्मदाखला, तुमच्या लग्नाचा चर्चचा दाखला आणि धर्मपालक दुसऱ्या पॅरिशचे असतील तर त्यांच्या फादरांचं पत्र. शिवाय आईवडील आणि धर्मपालक यांची तयारीची बैठक असते. ती किती वेळाची आणि कुठल्या दिवशी हे पॅरिशनुसार बदलतं. कॉयर आणि कॅटेकिझमच्या वेळा सांगून दिवस आधीच मागा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नाव. जन्मनोंद नावाशिवाय झाली असेल तर नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणजे तुमच्यासाठी हे काम मार्चच्या आत संपवायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, सगळीकडे जन्मदाखलाच लागतो. इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यात आणि चर्चच्या वहीत अक्षरशः एकच ठेवा. एक 'एच' कमीजास्त झाला तरी प्रथम कम्युनियनला, मग लग्नाच्या वेळी दुरुस्तीसाठी फिरावं लागतं.

वसईला नेऊन करायचा विचार असेल तर तिथल्या फादरांना तुमच्या ठाण्याच्या पॅरिशचं पत्र लागेल. वसई १९९८ पासून वेगळा धर्मप्रांत आहे, ठाणे मुंबई महाधर्मप्रांतात. आणि नोंद जिथे बाप्तिस्मा तिथेच राहते, पुढे दृढीकरण आणि लग्नाच्या नोंदीही त्याच पानावर जातात. त्यामुळे दाखला हवा तेव्हा दर वेळी वसई गाठावी लागेल.

शांत_मिस्सा
दहा महिन्यांचं बाळ तान्ह्यासारखं आडवं पडून राहत नाही, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. आठवडाभर आधीपासून आंघोळीत डोक्यावर छोट्या तांब्याने तीनदा पाणी ओता, म्हणजे त्या दिवशी दचकणार नाही. पाण्याच्या वेळी बसतं धरून मान किंचित मागे कलती ठेवा, पाणी डोळ्यांत जात नाही. झोपेची वेळ टाळून वेळ मागा.

कपडे मलमलचे, पुढून उघडणारे, कारण पहिलं तेल छातीवर लावतात. नेटचा फ्रॉक टोचतो आणि मग बाळ शेवटपर्यंत रडतं. ख्रिझमचा (संस्कारातल्या दुसऱ्या, सुगंधी तेलाचा) डाग पडला तर आधी टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. बाळाची मेणबत्ती पास्कल मेणबत्तीवरून (चर्चमधली ईस्टरची मोठी मेणबत्ती) पेटवतात, तिथला पंखा तेवढा बंद करायला सांगा, आणि ती धर्मपित्याच्या हातात, बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर. फोटोवाल्याला आधीच सांगा की फादर आणि पाणी यांच्या मध्ये यायचं नाही.

नेरूळच्या मंडळींना आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघायला सांगा. रविवारी ट्रान्सहार्बरवर (नेरूळ-ठाणे लोकल मार्गावर) ब्लॉक असला तर दुपारी अडकतील.

फुगेवाली
७० माणसांना फुगे (मैद्याचे तळलेले गोल पाव) माणशी चार धरा, २८० होतील. एक किलो मैद्याला ४ अंडी, एका मोठ्या नारळाचं दूध, १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४ चमचे साखर, २ छोटे चमचे मीठ. लिंबाएवढे ७० च्या आसपास निघतात, म्हणून चार किलो मैदा. पीठ हाताला चिकटेल इतकं घट्ट हवं. सैल झालं तर तेलात पसरतं, गोल येत नाही. एका वेळी चारही किलो भिजवू नका! कढईत १२-१५ बसतात, सगळे तळायला दोन तास लागतात, तोवर शेवटचं पीठ आंबट होऊन तेल पितं. दोन दोन किलो, तासाच्या अंतराने. जानेवारीत पीठ वर यायला दोन-तीन तास, एप्रिल-मेच्या उकाड्यात दीड तासातच येतं. तेल कडकडीत तापलं तर बाहेरून लाल, आतून कच्चं.

सोरपोटेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) दोन दिवस आधी करा, मुरल्याशिवाय चव येत नाही. डुक्कर न खाणाऱ्यांसाठी चिकन वेगळ्या टेबलावर, पळीही वेगळी. केक जेवणानंतर असेल तर ४ किलो पुरे.

तलावपाळी_ठाणे
१० जानेवारीच ठरवतो. मग ६ मार्चला काय करावं?

जुनी_घंटा
शनिवार आहे, म्हणजे मांस वर्ज्य नाही. घरच्याघरी अर्ध्या किलोचा केक, आजीआजोबा आणि दीर. बाप्तिस्म्याची मेणबत्ती जपून ठेवा, त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी पेटवा, आणि पुढे दर १० जानेवारीलाही. जाऊबाईंना त्या दिवशी बायबलमधलं वचन वाचायला सांगा.