वस्ती सुधारतेय की ढासळतेय, हे ओळखायचं कसं?

नकाशावेडी:
मोठ्या शहरातल्या एकाच भागाबद्दल दोन माणसं अगदी उलट बोलतात. एक म्हणतो, या भागाची रया गेली. दुसरा म्हणतो, दहा वर्षांत काय पालटलाय! आणि दोघंही तिथेच राहणारे. अशा एखाद्या भागाचं दहा-पंधरा वर्षांचं खरं चित्र मांडायचं तर सुरुवात कुठून करावी? सहज मिळणारे आकडे तीन: घरांचे दर, गुन्ह्यांच्या नोंदी, नागरिकांच्या तक्रारी. पण तिघांची तोंडं तीन दिशांना असू शकतात. समजा दर चढले, गुन्हे होते तेवढेच राहिले आणि तक्रारी दुप्पट झाल्या, तर विश्वास कशावर ठेवायचा? आणि प्रत्यक्ष फिरून पाहणी करायची तर नेमकं टिपायचं काय?

आकडेमोड:
तिन्ही आकडे जसे मिळतात तसे वापरता येत नाहीत. आधी सोलून घ्यावे लागतात.

दरांतून पहिल्यांदा महागाई काढा. दहा वर्षांत दर ५० टक्के वाढले हे ऐकायला छान वाटतं. पण दरसाल ५ टक्के महागाई धरली तर तेवढ्या काळात सगळ्याच वस्तू सुमारे ६३ टक्क्यांनी महागतात. म्हणजे १.५० भागिले १.६३, उत्तर ०.९२. दर वाढलेच नाहीत, ८ टक्क्यांनी उतरले. त्यानंतर त्याच काळात अख्ख्या शहराचे दर किती हलले ते बाजूला मांडा. शहराबरोबर वर गेलेला भाग सुधारला असं म्हणता येत नाही.

तक्रारींचा आकडा तर सगळ्यांत फसवा. मोबाइलवरून तक्रार नोंदवायची सोय झाली की तो फुगतो. शिवाय तक्रार तोच करतो, ज्याला काहीतरी होईल अशी आशा असते. जिथे आशाच सुटली तिथे तक्रारीही आटतात. त्यामुळे एकूण संख्या सोडा आणि दोन गोष्टी काढा: तक्रार नोंदल्यापासून काम होईपर्यंत लागलेले दिवस, आणि एकाच ठिकाणाहून तीच तक्रार वर्षभरात किती वेळा परत आली. पहिला आकडा यंत्रणा किती तत्पर आहे ते सांगतो, दुसरा दुरुस्तीचा दर्जा.

गुन्ह्यांत चोरी-मारामारीच्या नोंदी पोलिसांच्या नोंदणीच्या पद्धतीवर अवलंबून असतात. खुनाची नोंद सहसा चुकत नाही, म्हणून ती जास्त भरवशाची. पण एका भागापुरती ती फार लहान संख्या असते. सरासरी वर्षाला ४ असेल तर वर्गमुळाएवढा, म्हणजे २ चा चढउतार निव्वळ योगायोगाचा. एका वर्षी ४ आणि पुढच्या वर्षी ७ यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाच-पाच वर्षांचे गठ्ठे करून तुलना करा.

आणि हे सगळं करण्याआधी हद्दी तपासा. दोन जनगणनांच्या मध्ये वॉर्डाच्या सीमा बदलल्या असतील तर तुम्ही दोन वेगळ्या भागांची तुलना करत असता, आणि हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. भाग आणि भागातली माणसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा १००० कुटुंबं आहेत. ३०० कुटुंबांचं उत्पन्न २०, बाकी ७०० चं ३०. सरासरी २७. ती ३०० कुटुंबं गेली आणि त्यांच्या जागी ६० उत्पन्नाची ३०० आली. सरासरी झाली ३९, म्हणजे ४४ टक्के वाढ! प्रत्यक्षात एकाही कुटुंबाच्या खिशात एक पैसा जास्त आलेला नाही. इथे सरासरीऐवजी मध्यक (उत्पन्नं चढत्या क्रमाने मांडली की मधोमध येणारा आकडा) घेतला तर तो आधीही ३० आणि नंतरही ३०, म्हणून मध्यकच वापरा. मात्र बरीच कुटुंबं बदलली की मध्यकही फसवू शकतो. तेव्हा विचारायचं ते असं: दहा वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्यांपैकी आज किती इथेच आहेत, आणि त्यांचं कसं चाललंय? हे कळल्याशिवाय ‘सुधारणा’ हा शब्द वापरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

गिलावा:
दर चढे आणि तक्रारी दुप्पट, यात विसंगती नाही. बऱ्याचदा दोन्ही एकाच कारणातून येतात. दर चढतो तो जमिनीचा, पडझड होते ती इमारतीची. आजच्या वापरातून जमिनीला मिळणारं उत्पन्न आणि तिथे नवं काही बांधलं तर मिळू शकणारं उत्पन्न, यांतल्या तफावतीला नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने १९७९ मध्ये ‘रेंट गॅप’ म्हटलं. ही दरी रुंदावली की मालक डागडुजी थांबवतो. पाडायचीच आहे, तर खर्च कशाला? भाडेकरू कंटाळून निघून गेला तर त्याच्या दृष्टीने उलट बरंच. म्हणून जमिनीची किंमत आणि बांधकामाची किंमत जमेल तिथे वेगळी काढा.

पाहणीला दर्शनी बाजू पाहून निघून येऊ नका. रंग स्वस्त असतो. इमारतीच्या मागे जा. सज्जांची आणि जिन्यांची खालची बाजू पाहा. काँक्रीटमध्ये पाणी मुरलं की सळी गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं. आधी सळीच्या रेषेत सरळ तडा जातो, मग पोपडे सुटतात, मग सळी उघडी पडते. वेडावाकडा बारीक तडा बहुधा नुसत्या गिलाव्याचा असतो, त्याला घाबरू नका. सळीच्या रेषेतला तडा मात्र नोंदवाच. सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यांत झाडाची रोपं उगवलेली दिसतात, त्यांचं खोड बोटाएवढं जाड झालं असेल तर त्या नळाला कित्येक वर्षं कुणी हात लावलेला नाही.

पद्धत अशी ठेवा: एकच ठरलेला मार्ग, त्यावर ४०-५० ठरलेल्या जागा, दरवर्षी त्याच ऋतूत, प्रत्येक जागेचा त्याच कोनातून फोटो. कामाच्या दिवशी सकाळी एकदा, त्याच दिवशी अंधार पडल्यावर एकदा, आणि सुट्टीच्या दिवशी एकदा. प्रत्येक जागेला १ ते ५ गुण. गुण दोघांनी एकमेकांचे न बघता द्यायचे. एका गुणापेक्षा जास्त फरक वारंवार पडला तर निकष मोघम आहे, तो पुन्हा लिहा. दुकानांचे गाळे मोजताना बंद शटरवरची धूळ आणि कुलपाचा गंज पाहा, म्हणजे आजपुरतं बंद आणि कायमचं बंद यातला फरक कळतो.

उलटतपासणी:
दोघांच्या म्हणण्याला थोडी पुरवणी. माणसं बदलली म्हणजे जुन्यांना हुसकावलंच, असं लगेच धरू नका. ‘जेंट्रिफिकेशन’ (गरिबांच्या वस्तीत सधन लोक येऊन भाग पालटणं) हा शब्द रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना वापरला तेव्हापासून हे गृहीतच धरलं जातं. पण लान्स फ्रीमन आणि फ्रँक ब्रॅकोनी या संशोधकांनी २००४ मध्ये न्यूयॉर्कची आकडेवारी तपासली, तेव्हा वर येणाऱ्या भागांतली गरीब कुटुंबं इतर भागांतल्यापेक्षा कमी घरं बदलताना दिसली. सोयी वाढल्या की माणूस टिकून राहायला धडपडतो. त्यातल्या काहींच्या भाड्यावर कायद्याने मर्यादा होती, हेही विसरायला नको.

दुसरं, दिसणाऱ्या कचऱ्यावरून फार पुढचे निष्कर्ष काढू नका. विल्सन आणि केलिंग यांनी १९८२ मध्ये मांडलं की फुटकी खिडकी तशीच राहिली तर गुन्हे वाढतात. सॅम्पसन आणि राउडेनबुश या संशोधकांनी १९९९ मध्ये शिकागोच्या रस्त्यांचं चित्रीकरण करून पडताळलं तर तो थेट संबंध बराचसा विरला. गरिबी आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा विश्वास, ही कारणं पडझड आणि गुन्हे या दोन्हींच्या मुळाशी सापडली.

आकडेमोड:
बरोबर आहे, आणि त्याला आकड्यांचाही आधार आहे. कुणालाही न हुसकावता वर्षाला ८ टक्के घरांतली माणसं आपसूक बदलत असतील, तर दहा वर्षांनी ०.९२ चा दहावा घात, म्हणजे जेमतेम ४३ टक्के जुनी कुटुंबं उरतात. (प्रत्येक घराची शक्यता सारखी धरून, खरं तर भाडेकरू लवकर हलतात आणि मालक टिकतात, त्यामुळे दोन्ही वेगळे मोजा.) नुसते येणारे लोक वेगळे असले तरी भाग पालटतो. म्हणून जाणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा असे दोन स्वतंत्र तक्ते करा.

नकाशावेडी:
हे फार उपयोगी आहे, सगळ्यांचे आभार. एक राहिलं. उपग्रहावरून दिसणारा रात्रीचा उजेड हा भरभराटीचा पुरावा मानायचा का?

आकडेमोड:
एका भागापुरता नको. रात्रीचा उजेड टिपणाऱ्या, उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाच्या एका ठिपक्यात साधारण पाऊण किलोमीटरचा चौरस येतो, त्यात दोन-तीन वस्त्या मिसळून जातात. शिवाय त्याला ५०० नॅनोमीटरखालचा निळसर उजेड दिसत नाही. रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले की जमिनीवर उजेड तेवढाच असूनही वरून तो भाग अंधारलेला दिसू शकतो. दिवे कधी बदलले ते आधी विचारून घ्या, नाहीतर ज्या वर्षी रस्ते नीट उजळले तेच वर्ष तुमच्या आलेखात घसरणीचं निघेल.