पेंटबॉल: ब्रेकला (गेम सुरू होताना) लेन मारणं म्हणजे रंगाच्या गोळ्यांची उधळपट्टी?

गंगापूररोडकर: रविवारच्या गेमनंतर ग्रुपवर एकाने लिहिलं, "शिट्टी झाली की पाचही जणांनी पळा, लेन मारणं ही रंगाची उधळपट्टी." राहवलं नाही म्हणून लिहितोय. समोरचा स्नेकपर्यंत (कडेचा लांब, बुटका आडोसा) फुकटात पोचतो, त्याचं काय? लेन म्हणजे एकाच रेषेत सलग गोळ्या, ती माणसावर मारायचीच नसते. त्याला ज्या मोकळ्या फटीतून जायचंय तिथे मारायची, तो यायच्या आधी. गोळी सुटताना सेकंदाला ३०० फूट असली तरी हवेत वेग भराभर पडतो, ३० मीटरला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात पळणारा तीन मीटर पुढे. त्याच्याकडे बघून मारलंत की गोळी त्याच्या मागच्या मातीत.

पंचवटी_स्नेक: गणित ठीक, खिसा कुणाचा? सेकंदाला १० गोळ्या म्हणजे २०० गोळ्यांचा हॉपर (बंदुकीवरचा डबा) वीस सेकंदांत रिकामा. आम्ही वर्गणी काढून पेटी आणतो.

गंगापूररोडकर: वीस सेकंद मारायला कोण सांगतंय? तीन-चार पुरे. दोन गोळ्यांच्या मध्ये तो साठ सेंटीमीटर सरकतो, अंगाएवढंच. हात स्थिर असेल तर त्याला निसटायला जागा नाही. हात हलला की लेन फाटली.

सातपूर_बॅक: आणि पावसाळ्यात? गोळीचं जिलेटिनचं कवच ओल धरतं. जुलैत काउंटरवर मला उघडी पिशवी दिली. गोळ्या फुगलेल्या, एक बॅरलमध्येच फुटली. मी गुडघ्यावर बसून स्क्वीजी (बॅरल पुसायची काठी) फिरवतोय, समोरच्याने चालत येऊन मारलं. पूर्ण पैसे घेतले होते!

पंचवटी_स्नेक: घेताना दोन गोळ्या बॅरलमध्ये टाकून बघायच्या. तेही तुम्हाला सांगायचं का?

सातपूर_बॅक: बघितल्या होत्या. वरच्या दोन चांगल्या होत्या, ओल खाली होती. न विचारता शिकवू नका.

गंगापूररोडकर: पिशवीचा वेगळा धागा काढा, मीही लिहीन, माझीही एक पेटी अशीच गेली. इथे लेनचं बोला.

पंचवटी_स्नेक: बरं. एकाने मारावी, एवढं मान्य. दोघांनी नाही. आणि जो मारणार त्याने जागा सोडायची नाही, हे आधी ठरवा. रविवारी तुमचा लेनवाला दुसऱ्या सेकंदाला स्वतःच पळाला, म्हणून तर मी स्नेकमध्ये पोचलो.

गंगापूररोडकर: तो मीच होतो. चुकलं.