चाचणी न करता चारही इंजेक्टर बदलणे योग्य आहे का?

वरंध_घाट (धागाकर्ता):

फियाटचे 1.3 लिटरचे मल्टिजेट इंजिन (1248 सीसी) 2003 मध्ये युरोपात आले, 2007 पासून आपल्याकडे स्विफ्टमध्ये बसू लागले आणि पुढे डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मांझा अशा कितीतरी गाड्यांतून घरोघरी पोहोचले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते तयार होत असे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 (वाहनांच्या धुरावरचे नियम) लागू झाले आणि मारुतीने हे इंजिन बंद केले. मात्र त्याआधी विकलेल्या गाड्या अजून रोज रस्त्यावर आहेत आणि आता त्यांचे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) तक्रारी करू लागले आहेत.

गॅरेजमध्ये एक पद्धत रूढ होताना दिसते, तिला माझा विरोध आहे. गाडी गरम असताना सेल्फ लांबतो, आयडलिंगला इंजिन थरथरते, चढाला काळा धूर येतो, एवढे ऐकले की 'चारही इंजेक्टर गेले' असे सांगून एस्टिमेट हातात दिले जाते. एका नव्या इंजेक्टरची किंमत पाच आकड्यांत जाते आणि पंधरा वर्षे होत आलेल्या गाडीच्या मालकासमोर पुनर्नोंदणी व हरित कराचा खर्चही उभा असतो. अशा वेळी अंदाजाने चार इंजेक्टर बदलणे म्हणजे ग्राहकाच्या पैशाने केलेले निदान होय.

वास्तविक पहिली चाचणी गाडीवरच होते आणि तिला फारसा खर्च येत नाही. डिझेल फिल्टर व त्यातले पाणी तपासून झाले, की इंजिन पूर्ण तापवून प्रत्येक इंजेक्टरची रिटर्नची (जादा डिझेल परत नेणारी) नळी काढायची आणि तिच्या जागी पारदर्शक नळी लावून ती खुणा केलेल्या बाटलीत सोडायची. त्यानंतर काही मिनिटे इंजिन आयडलवर ठेवून चार बाटल्यांतले डिझेल शेजारी शेजारी पाहायचे. तीन बाटल्यांत जवळपास सारखी पातळी असून चौथी भराभर वर चढत असेल, तर त्या इंजेक्टरच्या आतल्या व्हॉल्व्हची बैठक झिजली आहे असे समजावे. सेल्फ मारताना रेलमध्ये (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) साधारण 200 बारच्या आसपास दाब तयार व्हावा लागतो. रिटर्नमधून डिझेल निसटत राहिले तर तो होत नाही, आणि गरम डिझेल पातळ असल्यामुळे ही गळती गरम इंजिनातच जास्त जाणवते. एवढे मोजल्याशिवाय एकाही इंजेक्टरला हात लावू नये, असे माझे मत आहे.

कृष्णाकाठ:

तपासणीला माझा विरोध नाही, पण तिच्यावर आपण जेवढा भार टाकला आहे तेवढा ती पेलत नाही, असे मला वाटते. चारही इंजेक्टर एकाच दिवशी बसले, एकाच टाकीतले डिझेल प्यायले आणि सारखेच किलोमीटर चालले. त्यातला एक झिजला असेल तर उरलेले तीन फार मागे नसतात. माझ्या गाडीचा आधी एकच इंजेक्टर बदलला गेला, काही महिन्यांनी दुसरा बोलू लागला, त्यानंतर तिसरा. प्रत्येक वेळी मजुरी वेगळी द्यावी लागली आणि प्रत्येक वेळी गाडी दारात उभी राहिली. ज्याचे रोजचे काम सांगली-कोल्हापूर गाडीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हे वाया गेलेले दिवसही खर्चातच धरले पाहिजेत.

दुसरे असे, की बेंचवरच्या (इंजेक्टर काढून यंत्रावर केलेल्या) चाचणीत टेस्ट ऑइल साधारण 40 अंशांवर ठेवलेले असते, तर इंजिनात इंजेक्टर त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे बेंचवर 'पास' ठरलेला इंजेक्टर गाडीत बसल्यावर पुन्हा तोच त्रास देतो, असे घडते. शिवाय जुन्या इंजिनात इंजेक्टर कार्बनने धरून बसलेले असतात. ते उपसून काढण्याचा धोका एकदा पत्करलाच आहे, तर पुन्हा जुनेच का बसवायचे?

नोझल_आणि_पंप:

माझे रोजचे काम हेच असल्यामुळे दोन्ही बाजूंना थोडे सांगावेसे वाटते.

वरंध_घाट, रिटर्नची चाचणी चांगली आहे, पण तिच्यात नोझल, म्हणजे फवारा सोडणारे टोक, दिसत नाही. टोक टिपकत असेल, फवारा एका बाजूला जात असेल, तर रिटर्न अगदी नॉर्मल येऊ शकतो. टिपकणारा इंजेक्टर सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढतो, इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरते आणि दुर्लक्ष झाले तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर रिटर्न कितीही चांगला असला तरी इंजेक्टर बेंचवर न्यावेच लागतात. तिथे पूर्ण लोड, मधला टप्पा, आयडल आणि प्री-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) अशा वेगवेगळ्या दाबांवर प्रत्येक वेळी किती डिझेल सुटले आणि किती परत आले, हे मोजता येते. काही ठिकाणी हा अहवाल छापून मिळतो. तो मागून घ्यावा.

कृष्णाकाठ, चारही बदलल्याने प्रश्न सुटतोच असेही नाही. नवीन इंजेक्टर बसवून परत आलेल्या कितीतरी गाड्यांत दोष बसवण्याचा असतो. खालचे तांब्याचे वॉशर जुनेच वापरलेले असते, बैठकीवरचा कार्बन कटरने साफ केलेला नसतो, क्लॅम्पचा बोल्ट अंदाजाने आवळलेला असतो. मग इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो, चक-चक आवाज येतो आणि केबिनमध्ये धुराचा वास शिरतो. ज्या गाडीत इंजेक्टरवर कोरलेला कोड ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) भरावा लागतो, तिथे तो न भरताच गाडी दिली तर नवा इंजेक्टरही खडखडतो.

मावळ_रस्ता:

एक धोका लक्षात आणून देतो. जुन्या इंडिकासारख्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत चालू इंजिनवर एकेक पाइप सैल करून कोणता सिलिंडर मिस होतो ते ओळखत असत. कॉमन रेलच्या गाडीवर हे कोणीही करू नये. या इंजिनात रेलचा दाब 1400 बारपर्यंत जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसली तरी ती शस्त्रक्रियेची तातडीची बाब असते.

वरंध_घाट:

कृष्णाकाठ, तापमानाचा आपला मुद्दा रास्त आहे, पण त्यामुळे गाडीवरच्या चाचणीचे महत्त्व वाढते. ती गरम इंजिनावरच होते. बेंच आणि बाटल्या एकमेकांना पूरक आहेत, हे नोझल_आणि_पंप यांच्या प्रतिसादावरून मला पटले. आणखी एक तपासणी सुचवतो. स्कॅनरवर आयडलच्या वेळी प्रत्येक सिलिंडरचे करेक्शन (इंजिन समान चालावे म्हणून ईसीयूने डिझेलमध्ये केलेली कमी-जास्त) दिसते. ज्याचे करेक्शन फार वर गेले आहे, त्याचा इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरला लावावा आणि कोड असल्यास तोही बदलावा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर खराब; जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद) तपासावे. कॉम्प्रेशनच उतरलेले असेल तर चार नवे इंजेक्टर घालूनही थरथर जाणार नाही, हे आपणही मान्य कराल.

कृष्णाकाठ:

कॉम्प्रेशन आधी तपासावे, हे मान्य. पण दोन इंजेक्टर नापास झाले तर मी चारही बदलेन, या मतावर मी ठाम आहे. दोन नवे आणि दोन झिजलेले एकत्र चालवून ईसीयूला सतत करेक्शन करायला लावण्यात मला हित दिसत नाही. नोझल आणि व्हॉल्व्ह बदलून केलेली दुरुस्ती मूळ कंपनीचे भाग मिळाले तरच करावी. बाजारात नकली नोझल सर्रास मिळतात आणि ती ओळखणे ग्राहकाच्या हातात नसते.

नोझल_आणि_पंप:

दोन नापास झाल्यास चार बदलण्याला माझी हरकत नाही, मात्र उरलेल्या दोघांचा अहवाल पाहून. पण पैसे भरण्याआधी जुना डिझेल फिल्टर कापून उघडायला सांगा आणि त्याचा कागद उन्हात धरून पाहा. त्यावर चंदेरी चकाकी दिसली, तर हाय-प्रेशर पंप आतून झिजत आहे आणि त्याचा चुरा सगळीकडे पसरला आहे. अशा गाडीत पंप, रेल, पाइप आणि टाकी यांचे काम आधी होत नाही, तोवर एक बदला की चार बदला, नवे इंजेक्टर त्याच चुऱ्याने जातील.