मदत हवी आहे: दम्यात हवा कुठे पोचत नाही, हे साध्या सीटीवर दाखवता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी निपाणीचा, बेळगावात इमेजिंग टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दम्यात सगळ्या श्वासनलिका सारख्या आवळत नाहीत. फुप्फुसाचा एक भाग छान फुगतो, शेजारच्या भागात हवा जेमतेम जाते. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी) सगळ्या फुप्फुसाचा मिळून हिशेब देते, कुठला भाग रुसलाय ते सांगत नाही. बोस्टनच्या संशोधकांनी २००५ साली नायट्रोजन-१३ हा किरणोत्सारी वायू वापरून पेट स्कॅनवर दाखवलं, की नळ्या आवळल्या की हवा न पोचणारे भाग इकडेतिकडे विखुरत नाहीत, मोठमोठे पट्टे करून उमटतात. ते वाचलं आणि प्रोजेक्ट याच विषयावर करायचा ठरवलं.

आता अडचण. यासाठी झेनॉन-१२९ चा एमआरआय सगळ्यात देखणा. वायू श्वासात घेऊन दहा-पंधरा सेकंद रोखायचा. हवा पोचलेला भाग उजळतो, न पोचलेला काळा राहतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षं आणि त्यावरच्या पेशंटसाठी त्याला मंजुरीही मिळाली. पण वायूचं ध्रुवीकरण करणारं यंत्र, सिग्नल टिपणारी वेगळी कॉइल, हे सगळं विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला कोण देणार? म्हणून गाइड म्हणतात, श्वास घेऊन एक आणि सोडून एक असे दोन सीटी बघ. श्वास सोडल्यावर निरोगी फुप्फुस पांढुरकं होतं, हवा अडकलेला भाग काळाच राहतो. उणे ८५६ हाउन्सफील्डच्या (सीटीवरचं घनतेचं माप) खाली फुप्फुसाचा किती टक्के भाग, ते मोजायचं.

पण पेशंट श्वास पूर्ण सोडतच नाहीत! परवा तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या एक मावशी आल्या होत्या. मी अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये "सोडा, बिड्री, बिड्री" करतोय. त्या म्हणाल्या, "सोडला की ओ, आनि किती सोडू?" आणि बोलता बोलता पुन्हा घेतला. असा स्कॅन धरायचा का? शिवाय वखारीची धूळ, चुलीचा धूर, यांनीही हवा अडकतेच. मग दमा वेगळा कसा काढू?

काळा_पडदा:
श्वास सुटला का, ते घशाखालच्या मुख्य श्वासनलिकेकडे बघून कळतं. नीट सोडला असेल तर तिची मागची भिंत सपाट होते किंवा आत झुकते. गोलच दिसली तर तो स्कॅन मोजणीतून काढा. आणि तालीम टेबलावर नको, बाहेर बाकावर बसवून घ्या. मावशींना आधी दोनदा करून दाखवलंत तर टेबलावर बोलणार नाहीत. मुख्य म्हणजे निव्वळ प्रोजेक्टसाठी कुणाचा जादा सीटी काढू नका. उपचारासाठी आधीच झालेले स्कॅन घ्या, तेही एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन.

मलप्रभाकाठी:
निव्वळ चित्रावरून दमा वेगळा काढायला जाऊ नका, फसाल. निरोगी माणसातही थोडी हवा अडकलेली दिसते. पेशंट निवडतानाच गाळा: साल्बुटामॉल (नळ्या मोकळं करणारं औषध) दिल्यावर पंधरा मिनिटांनी एफईव्ही-१ (जोरात श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) किमान १२ टक्के आणि २०० मिली वाढला का, ते पाहा. विडी ओढणारे, एम्फिसिमा (फुप्फुसातले वायुकोश फाटणं) असलेले बाजूला ठेवा. वखारवाल्यांचा गट वेगळाच करा, आपल्या भागात तो महत्त्वाचा आहे.

खरं सांगू का, मी असते तर श्वास सोडण्याची भानगडच टाळली असती. श्वास घेऊन काढलेल्या सीटीवर कफाची बुचं मोजा. फुप्फुसाच्या प्रत्येक सेगमेंटमध्ये (छोट्या विभागात) बुच आहे की नाही, एवढंच. गुण ० ते २०. गंभीर दम्यात ही बुचं वर्षानुवर्षं त्याच जागी राहिलेली दिसली आहेत. हवा ठराविक जागीच का अडते, याचं एक कारण तिथेच सापडतं.

निपाणीकर (धागाकर्ता):
बुचांची कल्पना लई आवडली! पण जुन्या सीडींवर ५ मिमी जाडीचे स्लाइस (सीटीतले काप) आहेत. त्यात दिसतील?

काळा_पडदा:
नाही. १ मिमीच्या आसपासचे हवेत. सीडीवर बऱ्याचदा जाडच देतात, पातळ स्लाइस सर्व्हरवर असू शकतात. कन्सोलवरच्या माणसाला चहा पाजा आणि आधी तिथे बघा. आणि सगळ्या पेशंटचा कर्नल (चित्र तयार करतानाचं सेटिंग) एकच आहे ना, तेवढं तपासा.