देव्हाऱ्यात आपणच बसवलं

'ज्याला लाखो मुलं मानतात त्याने आदर्शच वागायला हवं' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. सचिनने ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून 2002 मध्ये त्याला फेरारी भेट मिळाली. तिच्यावरचं कोटीभराहून जास्त आयातशुल्क माफ व्हावं, अशी मागणी झाल्याचं वाचून आमच्या काकांनी गणपतीच्या कॅलेंडरशेजारचं त्याचं पोस्टर उतरवलं. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

पुढे शुल्क फियाट कंपनीने भरलं, पण काकांचा राग पैशांचा नव्हताच. सचिन खेळत असताना ते कुणाला जागेवरून हलू देत नसत. त्याचं शतक म्हणजे घरच्या पोराचं यश. त्यामुळे सवलतीची बातमी त्यांना घरच्याच माणसाने मान खाली घालायला लावल्यासारखी लागली. ही अपेक्षा त्याला कुणी विचारून ठेवली होती?

आणि वागणंच कशाला, मार्च 2006 मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 21 चेंडूंत 1 धाव करून परतताना मुंबईकरांनीच त्याची हुर्यो उडवली. तिथे तर तो नुसता बाद झाला होता! मला ते आजही लागतं.